प्रॉक्समॉक्सवर स्वतःचं टीएलएस सर्टिफिकेट बसवताना

प्रॉक्समॉक्स व्हीई (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने बसवलेल्या ऑफिसात रोज हेच चालतं. ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टचा पत्ता टाकला की धोक्याचा इशारा येतो, माणूस ‘ॲडव्हान्स्ड’वर क्लिक करून पुढे जातो आणि रूटचा (सर्व्हरच्या मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड टाकून मोकळा होतो. समोरचं यंत्र आपलंच आहे याची खात्री मला पटलेली नाही, एवढंच ब्राउझर त्या इशाऱ्यात सांगत असतो. कळंगुट-कांदोळीच्या एखाद्या हॉटेलात बिलिंगचा सर्व्हर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि पाहुण्यांचं वायफाय एकाच स्विचवर असेल, तर मध्ये बसून तस्संच लॉगिन पान दाखवणं फारसं कठीण नाही. इशारा ओलांडायची सवय लागलेल्या माणसाला खरं पान कुठलं आणि बनावट कुठलं हे ओळखता येत नाही, आणि एकदा रूटचा पासवर्ड गेला की त्या सर्व्हरवरचं एकही व्हर्च्युअल मशीन आपलं राहत नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतःचं टीएलएस सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची ओळख ब्राउझरला पटवून देणारी फाइल, बसवणं. हे काम तास-दोन तासांत होतं. सर्टिफिकेट बदलताना चालू व्हर्च्युअल मशीन बंद पडत नाहीत, कारण ती वेगळ्या प्रक्रियांत चालतात. वेब इंटरफेस सांभाळणारी ‘पीव्हीईप्रॉक्सी’ ही सेवा तेवढी नव्याने सुरू होते. अवघड जातं ते चुकीच्या फाइलीला हात लागल्यामुळे.

(खाली कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन लहान अक्षरांत टाइप करायची.)

फाइलींच्या दोन जोड्या

प्रत्येक नोडवर (म्हणजे प्रॉक्समॉक्स चालणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर) ‘ईटीसी/पीव्हीई/लोकल’ या फोल्डरात ‘पीव्हीई-एसएसएल’ नावाची जोडी असते: एक ‘पेम’ (सर्टिफिकेट) आणि एक ‘की’ (त्याची गुप्त किल्ली). ही जोडी प्रॉक्समॉक्सने स्वतःच तयार केलेली असते आणि क्लस्टरच्या (एकत्र जोडलेल्या नोडांच्या) अंतर्गत सीएने, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या यंत्रणेने, तिच्यावर सही केलेली असते. नोड एकमेकांशी बोलतात ते तिच्या भरवशावर. ही जोडी बदलायची नाही, पुसायची नाही, तिच्यावर स्वतःची फाइल टाकायची नाही. ‘पीव्हीई-रूट-सीए’ या फाइलींनाही हाच नियम.

आपलं सर्टिफिकेट जातं ते दुसऱ्या जोडीत, तिचं नाव ‘पीव्हीईप्रॉक्सी-एसएसएल’. ही जोडी सुरुवातीला नसते. ती तिथे दिसली की वेब इंटरफेस तीच वापरतो. ती काढून टाकली की पुन्हा जुन्या जोडीवर येतो. म्हणजे परतीची वाट आधीपासून तयार आहे, फक्त पहिली जोडी शाबूत राहिली पाहिजे. इंटरनेटवरच्या कित्येक जुन्या लेखांत ‘पीव्हीई-एसएसएल’वरच कॉपी मारायला सांगितलेलं आढळतं. तो सल्ला पाळू नका.

हात लावण्याआधी

सर्व्हरवर रूट म्हणून एसएसएचचं (दुरून कमांड चालवण्याचं) एक सत्र उघडून ठेवा आणि काम संपेपर्यंत बंद करू नका. वेब इंटरफेस उघडेनासा झाला तर तेच कामाला येईल. सर्व्हरला आयलो किंवा आयड्रॅक (सर्व्हर दुरून हाताळायची सोय) असेल तर त्याचा पासवर्ड चालतो का ते आधीच पाहा. नसेल तर मॉनिटर आणि कीबोर्ड हाताशी ठेवा.

क्लस्टर असेल तर ‘पीव्हीसीएम स्टेटस’ चालवा आणि ‘क्वोरेट’समोर ‘येस’ आहे ना, ते बघा. ‘ईटीसी/पीव्हीई’ हा साधा फोल्डर नाही, ती सगळ्या नोडांत वाटलेली फाइल सिस्टिम आहे. क्वोरम (अर्ध्याहून जास्त नोड एकमेकांच्या संपर्कात असणं) गेला की ती फक्त वाचण्यापुरती उरते. दोन नोडांच्या क्लस्टरमध्ये फोंड्याचा एक नोड वीज गेल्याने बंद असेल, तर मडगावच्या नोडवर सर्टिफिकेट लिहिताच येणार नाही, आणि चूक सर्टिफिकेटमध्ये आहे असं समजून नवखा माणूस तासभर तिथेच अडकतो. याच फाइल सिस्टिमवर परवानग्याही हाताने बदलता येत नाहीत. ‘सीएचमॉड’ने नकार दिला तर घाबरू नका, तिथल्या परवानग्या ठरलेल्याच असतात.

घड्याळही पाहून घ्या. पावसाळ्यात वारंवार वीज जाते, आणि जुन्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असेल तर सर्व्हर सुरू होतो तोच चुकीच्या तारखेला. मग आज काढलेलं सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून वेळ जुळलेली आहे याची खात्री करा.

नाव ठरवणं

सर्टिफिकेट यंत्राला मिळत नाही, नावाला मिळतं. म्हणून लोक ब्राउझरमध्ये कुठल्या नावाने येणार ते आधी ठरवा आणि ते नाव ऑफिसच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) घाला. अंतर्गत नावासाठी ‘.लोकल’ टाळा, ते स्थानिक नेटवर्कवरच्या एमडीएनएससाठी (यंत्रांनी आपसांत नावं शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखलेलं आहे आणि काही यंत्रांवर नाव शोधताना गोंधळ घालतं. खाजगी वापरासाठी ‘.इंटर्नल’ हे आयकॅनने (डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने) २०२४ मध्ये राखून ठेवलं आहे, ते घ्या. पुढच्या उदाहरणात नाव ‘पीव्हीई१.ऑफिस.इंटर्नल’ आणि आयपी १९२.१६८.१०.११ धरला आहे.

‘.इंटर्नल’ किंवा १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या आयपीला कुठलीही सार्वजनिक सीए सर्टिफिकेट देत नाही. त्यामुळे दोनच रस्ते उरतात: ऑफिसची स्वतःची सीए, किंवा स्वतःच्या मालकीचं डोमेन घेऊन लेट्स एन्क्रिप्ट (मोफत सर्टिफिकेट देणारी सार्वजनिक सीए). वेर्ण्याच्या कारखान्यात विंडोजचं डोमेन आणि त्याची सर्टिफिकेट सेवा आधीच चालू असेल, तर तिच्याकडूनच सही घ्या. ऑफिसच्या संगणकांचा तिच्यावर विश्वास आधीच असतो आणि अर्धं काम वाचतं.

स्वतःची सीए काढायची तर

ओपनएसएसएलने आरएसए ४०९६ बिटांची की काढा, तिला मजबूत पासफ्रेज द्या, आणि तिच्यावर दहा वर्षांचं, म्हणजे ३६५० दिवसांचं रूट सर्टिफिकेट (सीएचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट; प्रशासक रूटशी याचा संबंध नाही) बनवा. हे प्रॉक्समॉक्सवर करू नका. वेगळ्या लॅपटॉपवर करा आणि नंतर की एन्क्रिप्ट केलेल्या दोन पेन ड्राइव्हवर ठेवा. एक ऑफिसच्या कपाटात आणि एक दुसऱ्या इमारतीत, कारण इथल्या दमट हवेत एकाच पेन ड्राइव्हवर दहा वर्षं विसंबणं बरोबर नाही.

इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी. ऑफिसच्या प्रत्येक संगणकावर तुम्ही हे रूट बसवणार, म्हणजे ही की ज्याच्या हाती लागेल तो त्या संगणकांना पटेल असं बँकेच्या नावाचंही सर्टिफिकेट बनवू शकतो. त्यावर उपाय आहे. रूट बनवतानाच त्यात ‘नेम कन्स्ट्रेंट्स’ हे एक्स्टेन्शन ‘क्रिटिकल’ म्हणून घाला आणि परवानगी फक्त ‘ऑफिस.इंटर्नल’ या नावाला आणि १९२.१६८.१०.० या आयपी पट्ट्याला द्या. आयपीचा पट्टा वेगळा लिहावाच लागतो. फक्त डीएनएसचं बंधन घातलं तर आयपी मोकळे राहतात. छोट्या ऑफिसात बहुतेक जण हे टाळतात. आमच्या मते ज्या सीएला असं बंधन नाही, ती कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर बसवूच नये.

सर्व्हरची की आणि विनंती

सर्व्हरची की सर्व्हरवरच काढा. आधी ‘यूमास्क ०७७’ द्या म्हणजे फाइल इतरांना वाचता येणार नाही. मग रूटच्या होम फोल्डरात एक वेगळा फोल्डर करून आरएसए २०४८ किंवा ईसीडीएसए पी-२५६ की काढा. या कीला पासफ्रेज द्यायची नाही; सेवा रात्री आपोआप सुरू होते तेव्हा पासफ्रेज टाकायला कोणी नसतं, म्हणून तशी की चालत नाही. फाइलीच्या पहिल्या एक-दोन ओळींत ‘एन्क्रिप्टेड’ हा शब्द दिसला तर ती पासफ्रेजवाली आहे असं समजा.

त्या कीवरून विनंती, म्हणजे सीएसआर बनवा आणि सीए असलेल्या लॅपटॉपकडे फक्त सीएसआर न्या. की कुठेही न्यायची गरज नाही. व्हॉट्सॲपवर, मेलवर किंवा ऑफिसच्या सामायिक फोल्डरात गेलेली की उघडी पडली असं समजून नवी काढा.

सीएसआरमध्ये ‘सब्जेक्ट ऑल्टर्नेटिव्ह नेम’, म्हणजे सॅन, भरणं अत्यावश्यक आहे. क्रोम आवृत्ती ५८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ‘कॉमन नेम’ बघतच नाही. सॅनमध्ये पूर्ण नाव आणि लोक आयपीने येत असतील तर आयपी, हे दोन्ही घाला. आयपी ‘डीएनएस’ प्रकारात लिहिला तर उपयोग नाही, तो ‘आयपी’ प्रकारातच लिहावा लागतो. नुसतं ‘पीव्हीई१’ हे छोटं नाव वर सांगितलेल्या बंधनात बसत नाही. ते सॅनमध्ये घातलं तर अख्खं सर्टिफिकेटच नाकारलं जाईल, म्हणून सगळ्यांना पूर्ण नावानेच यायला सांगा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक यापुढची. सीएसआरमध्ये सॅन व्यवस्थित असतो, पण ओपनएसएसएलची ‘एक्स५०९’ ही कमांड सही करताना तो गुपचूप गाळते. सर्टिफिकेट तयार होतं, कुठलीच तक्रार येत नाही, आणि बसवल्यावर क्रोम ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणतो. तो संदेश वाचून माणूस कॉमन नेम दुरुस्त करत बसतो, खरा दोष सॅन गायब असण्याचा असतो. ओपनएसएसएल ३.० पासून सही करताना ‘कॉपी_एक्स्टेन्शन्स कॉपी’ हा पर्याय देता येतो. त्याहून जुन्या आवृत्तीत सॅन वेगळ्या फाइलीत लिहून ‘एक्स्टफाइल’ने द्यावा लागतो. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे, कारण सीएच्या माणसाला आपण नेमकी कशावर सही करतोय ते डोळ्यांसमोर दिसतं. त्याच फाइलीत ‘सर्व्हर ऑथ’ हा वापर आणि ‘सीए: फॉल्स’ ही ओळही लिहा.

मुदत ३९७ दिवसांपर्यंत ठेवा. खाजगी सीए असली तरी ॲपलची यंत्रं ८२५ दिवसांहून लांब मुदतीचं सर्व्हर सर्टिफिकेट नाकारतात. मालकाचा आयफोन तेवढा उघडत नाही, बाकी सगळीकडे चालतं, अशी तक्रार आली तर आधी मुदत बघा.

बसवणं

१. सर्टिफिकेटची साखळी एका फाइलीत जोडा: आधी सर्व्हरचं, त्याखाली मधल्या सीएचं असेल तर ते. रूट घालायची गरज नाही. क्रम उलटा झाला तर की जुळत नाही असा दोष येतो. विंडोजच्या सीएकडून फाइल ‘पीएफएक्स’ किंवा बायनरी रूपात आली असेल तर आधी पेममध्ये बदला. पेम फाइल नोटपॅडमध्ये उघडली की ‘बिगिन सर्टिफिकेट’ ही ओळ दिसते.

२. की आणि सर्टिफिकेट एकमेकांचेच आहेत ना ते पाहा. सर्टिफिकेटमधून ‘पबकी’ आणि कीमधून ‘पबआउट’ काढून दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश घ्या. दोन्ही अक्षरशः सारखे आले पाहिजेत. मॉड्युलस जुळवायची जुनी पद्धत फक्त आरएसएला चालते.

३. ‘एक्स५०९’ला ‘टेक्स्ट’ पर्याय देऊन सॅन आणि तारखा डोळ्यांनी वाचा.

४. आधीचं स्वतःचं सर्टिफिकेट बसवलेलं असेल तर ‘पीव्हीईप्रॉक्सी-एसएसएल’ची जोडी रूटच्या फोल्डरात कॉपी करून ठेवा.

५. वेब इंटरफेसमध्ये डावीकडे नोड निवडा, ‘सिस्टम’खाली ‘सर्टिफिकेट्स’ उघडा, ‘अपलोड कस्टम सर्टिफिकेट’वर क्लिक करा. वरच्या चौकटीत की, खालच्या चौकटीत साखळी. टर्मिनलवरून करायचं तर ‘पीव्हीईनोड सर्ट सेट’, पुढे साखळीची फाइल, मग कीची फाइल, आणि ‘रीस्टार्ट १’. आधीचं सर्टिफिकेट असेल तर ‘फोर्स १’ही द्यावं लागतं. की सर्व्हरवरच काढलेली असल्याने टर्मिनलचा मार्ग बरा. वेबवरून करायचं तर की कॉपी करून ब्राउझरपर्यंत आणावी लागते, आणि त्या क्षणी ब्राउझरचं कनेक्शन अजून इशारावालंच असतं.

क्लस्टरमधल्या प्रत्येक नोडवर हे स्वतंत्र करायचं. ‘लोकल’ हा फोल्डर त्या-त्या नोडच्या फोल्डराकडे बोट दाखवतो, एकावर बसवलं म्हणून सगळ्यांवर बसत नाही.

तपासणी, दुसऱ्या संगणकावरून

आधी रूट सर्टिफिकेट संगणकांवर पोचवा. विंडोजवर आयात करताना जागा स्वतः निवडा: ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’. जागा विझार्डवर सोपवू नका. डेबियन-उबुंटूवर फाइल ‘यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स’मध्ये टाकून ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवा. फाइलीच्या नावाचा शेवट ‘.सीआरटी’ असाच हवा, ‘.पेम’ असेल तर ती नजरेआड केली जाते. फायरफॉक्सची स्वतःची यादी असते, तिथे वेगळं बघावं लागतं.

मग ओपनएसएसएलचं ‘एस_क्लायंट’ ८००६ पोर्टला जोडा, आपली सीए फाइल द्या, आणि ‘व्हेरिफाय_होस्टनेम’ हा पर्याय जरूर द्या. तो न देता ‘व्हेरिफाय रिटर्न कोड: ०’ आला तर साखळी बरोबर आहे एवढंच कळतं, नाव तपासलेलंच नसतं. शेवटी ब्राउझरची खाजगी विंडो उघडा, लॉगिन करा आणि एखाद्या व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल उघडून पाहा.

इशारा ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर रूट पोचलेलं नाही किंवा मधलं सर्टिफिकेट साखळीत नाही. ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर मुदत किंवा घड्याळ.

बिघडलं तर

पान उघडतच नसेल तर एसएसएचच्या त्या उघड्या सत्रात ‘जर्नलसीटीएल’ला ‘पीव्हीईप्रॉक्सी’ सेवेची नोंद विचारा. आपली जोडी काढायला ‘पीव्हीईनोड सर्ट डिलीट’ आणि ‘रीस्टार्ट १’. जुना इशारा परत येईल, पण इंटरफेस चालू होईल.

नोंदीत ‘फेल्ड टू लोड लोकल प्रायव्हेट की’ दिसलं आणि फाइलीचं नाव ‘पीव्हीई-एसएसएल.की’ असेल, तर तुमच्या सर्टिफिकेटचा संबंध बहुधा नाही. ‘पीव्हीई-क्लस्टर’ सेवा बंद असली की ‘ईटीसी/पीव्हीई’ रिकामा दिसतो आणि हाच संदेश येतो. ‘ईटीसी/होस्ट्स’मधलं नाव आणि आयपी जुळत नसणं हे त्याचं नेहमीचं कारण. तो फोल्डर भरलेला आहे पण मूळ जोडी कोणीतरी पुसली असेल, तर ‘पीव्हीसीएम अपडेटसर्ट्स’ला ‘फोर्स’ देऊन ती नव्याने बनते. त्यानंतर ‘पीव्हीईप्रॉक्सी’ पुन्हा सुरू करा.

लेट्स एन्क्रिप्टचा रस्ता

स्वतःचं डोमेन असेल तर हाच मार्ग सोपा, कारण रूट कुठल्याच संगणकावर पोचवावं लागत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये ‘डेटासेंटर’खाली ‘एसीएमई’मध्ये (सर्टिफिकेट आपोआप मागण्याच्या पद्धतीत) खातं आणि डीएनएसचा प्लगइन भरा, मग नोडच्या ‘सर्टिफिकेट्स’मध्ये नाव घालून मागणी करा. पडताळणी डीएनएस-०१ पद्धतीनेच (डोमेनच्या डीएनएसमध्ये नोंद घालून मालकी दाखवून) घ्या. एचटीटीपी-०१ साठी ८० पोर्ट बाहेरच्या जगाला उघडावा लागतो, आणि व्हर्च्युअलायझेशनचा सर्व्हर इंटरनेटसमोर उभा करण्याचं काहीच कारण नाही.

आधी ‘स्टेजिंग’ (चाचणीसाठीची) डिरेक्टरी वापरून पाहा. नावांच्या नेमक्या त्याच संचासाठी आठवड्याला पाचच सर्टिफिकेट मिळतात, चाचण्यांत ती संपली तर थांबावं लागतं. अशी सगळी सर्टिफिकेटं सार्वजनिक नोंदवहीत प्रसिद्ध होतात, म्हणून नावात ग्राहकाचं किंवा विभागाचं नाव घालू नका. मुदत ९० दिवसांची असते आणि प्रॉक्समॉक्स शेवटच्या ३० दिवसांत रोजच्या कामात आपोआप नूतनीकरण करतो. डीएनएस पुरवठादाराची एपीआय किल्ली बदलली की हे निमूटपणे थांबतं. लेट्स एन्क्रिप्टनेही मुदत संपण्याच्या सूचनेचे मेल जून २०२५ पासून बंद केले आहेत.

बॅकअप सर्व्हर आणि ईएसएक्सआय

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरचं, म्हणजे ८००७ पोर्टवालं, सर्टिफिकेट बदलत असाल तर प्रॉक्समॉक्स व्हीईच्या ‘स्टोरेज’मध्ये नोंदवलेला फिंगरप्रिंट (सर्टिफिकेट ओळखण्याचा ठसा) जुना पडतो आणि त्या रात्रीपासून बॅकअप अपयशी होतात. फिंगरप्रिंट त्याच दिवशी बदला, किंवा नोडवर सीए बसवून ती नोंद रिकामी करा. नंतर एक छोटा बॅकअप हाताने घेऊन पाहा. तसंच, ज्या स्क्रिप्टमध्ये पूर्वी सर्टिफिकेटची तपासणी बंद केलेली होती, तिथे ती आता चालू करा.

ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरच्या अशाच सॉफ्टवेअरवर) जोडीचं नाव ‘आरयूआय’: ‘ईटीसी/व्हीएमवेअर/एसएसएल’मध्ये. तिथे मूळ जोडीच बदलावी लागते, शेजारी ठेवायची सोय नाही. म्हणून दोन्ही फाइलींची प्रत घ्या, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये न्या, बदलून मॅनेजमेंट एजंट पुन्हा सुरू करा. व्हीसेंटरखाली (अनेक होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरखाली) असेल तर होस्ट पुन्हा जोडावा लागेल.

मुदत

ओपनएसएसएलच्या ‘चेकएंड’ला २५९२००० सेकंद, म्हणजे ३० दिवस देऊन रोज सकाळी तपासणारं क्रॉन काम दुसऱ्या एखाद्या यंत्रावर लावा, आणि त्याचा मेल दोन माणसांना जाऊ दे. मुदत संपण्याची तारीख ८००६ पोर्टला जोडून वाचायची. फाइल वाचली तर नवं सर्टिफिकेट लिहिलं गेलं पण सेवा जुनंच दाखवतेय, हे कळत नाही. खाजगी सीएचं सर्टिफिकेट काढताना मुदत संपण्याचा दिवस चवथीच्या सुट्टीत किंवा नाताळ ते नववर्षाच्या गर्दीत येत नाही ना, ते कॅलेंडर उघडून बघा. येत असेल तर सही करताना दिवस कमी करून तो फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी आणा.